तो हात तुझाच होता, ललिता

ललिता, इथं सुरतेत, डिंडोलीला तुझ्या गल्लीच्या तोंडाशी तुझा फ्लेक्स लागलाय. लाल काठाची साडी, कपाळभर कुंकू आणि खाली मोठ्या अक्षरांत 'देवीस्वरूप'. फोटो नेमका तुला न आवडणारा, श्रावणातल्या कानबाई देवीच्या सणाला काढलेला, ज्यात तुझे डोळे अर्धे मिटलेले आहेत. तू असतीस तर आधी फ्लेक्सवाल्याच्या कानाखाली काढली असतीस आणि मग माझ्या. माझ्या जरा जास्तच जोरात, कारण त्या शब्दाची सुरुवात माझ्या तोंडातून झाली.

हे मी तुझ्याच स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. तीन दिवस झाले, मी भेस्तानला घरी गेलेली नाही. तुझ्या डब्यातली साखर संपवली, तुझी गॅसची शेगडी घासली. घासताना लक्षात आलं की मागची बाजू तू कधीच घासली नव्हतीस. मोठी जाऊ म्हणून तुला हे ऐकवायचा माझा हक्क होता, तो तू हिरावून घेतलास.

सकाळी साडी मार्केटला कामाला निघालीस, पर्वत पाटियाच्या चौकात रिक्षा उलटली आणि तू गेलीस. तुला शेवटचं पाहिलं तेव्हा तुझ्या चेहऱ्याचा एकच भाग ओळखू येत होता. मी त्याबद्दल यापुढे एक अक्षर लिहिणार नाही. मला लिहायचंय ते बारा वर्षांपूर्वीच्या डांगच्या जंगलातल्या दुपारबद्दल. त्या दुपारी तू माझ्या नवऱ्याचं मनगट मोडलंस. तू पूर्ण शुद्धीत होतीस, आणि तुझ्या अंगात कोणी आलेलं नव्हतं. हे फक्त दोघींना माहीत होतं. आता एकटीला माहीत आहे, आणि ते मला झेपत नाही.

तेव्हा आपण सगळे एकत्र होतो. भेस्तानच्या घराची मागची भिंत आणि लूमच्या कारखान्याची भिंत एकच. दिवसरात्र खटखट. घरात कोणी हळू बोलायचं नाही, कारण हळू बोललेलं ऐकूच यायचं नाही. तू लग्न होऊन आलीस तेव्हा पहिल्या आठवड्यात रडलीस, तुला वाटलं सगळे तुझ्यावर ओरडतात. मी तुला म्हटलं होतं, इथं ओरडणं म्हणजे बोलणं, ओरडायचं असेल तर मारतात. मी गंमत केली होती. तू हसली नाहीस, कारण तोवर तू माझी पाठ पाहिली होतीस.

त्या खटखटीत मार पचून जायचा. आमचे हे, सोनलचे पप्पा, कारखान्यातली पाळी करून यायचे, काहीतरी निमित्त निघायचं, दार लागायचं. भिंतीपलीकडे दोनशे लूम चालू असताना एका बाईच्या पाठीचा आवाज कोणाला येणार? सकाळी तू मोरीत माझ्या दंडाकडे बघायचीस, गुपचूप हळद आणि तेल आणून ठेवायचीस आणि कणीक मळायला बसायचीस. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. सात वर्षं आपण असंच काढलं, आणि बाहेर लोक म्हणायचे, पाटलांच्या दोन्ही सुनांचं किती जमतं.

जंगलात जायची टूम तुझी. दिवाळीला कारखाने बंद झाले की अर्धं सुरत खानदेशच्या गाड्यांमध्ये कोंबलं जातं. त्या वर्षी तू चुलीपाशी कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "गावले जाईसन बी भाकरीच थापन्या शेतस ना, ताई?" तू फोनवर डांगमधली नदीकाठची कॉटेजं शोधलीस, तुझ्या नवऱ्याला, संजयला, पटवलंस, संजयनं थोरल्या भावाला पटवलं. तू स्वतः जेठाशी बोलणार नव्हतीस. धाकट्या भावाच्या बायकोनं जेठाकडे मान वर करून पाहायचं नाही, पदर कपाळाखाली ठेवायचा, चहा द्यायचा तोही मुलीच्या हातून. बाकी कशातही तू कोणाचं ऐकलं नाहीस, पण हे तू पाळलंस.

संजयच्या टेम्पोत आपण निघालो. दोन भाऊ, आपण दोघी, दोघींच्या दोन पोरी आणि दोघा भावांची म्हातारी आत्या. जंगल पाहायला निघालो आणि अर्धा संसार बरोबर घेतला. पिठाचा डबा, तवा, गावाहून आलेली हिरवी वांगी, आणि भरीत ठेचायचं लाकडी मुसळसुद्धा. तिथं जेवण मिळतं असं मी सांगत होते. आत्या म्हणाली, वांगी सुरतेत ठेवली तर सडतील. एवढ्या वांग्यांपायी ते मुसळ जंगलात आलं.

ते कॉटेज मला अजून आठवतं. सागाच्या खांबांवर उभी असलेली लाकडी खोली, बांबूच्या भिंती, पुढे ओटी, खाली तीन पायऱ्या आणि पायऱ्यांपासून वीस पावलांवर नदी. बांबूच्या भिंतीला तू हात लावून पाहिलास आणि मला म्हणालीस, ही भिंत कोणाशी सामायिक नाही. रात्री कोणालाच झोप लागली नाही, इतकं शांत होतं. सोनलचे पप्पा दोनदा उठून बसले, कान वाजतात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आधी आपण नदीवर गेलो. तू साडी खोचून कमरेएवढ्या पाण्यात गेलीस आणि मला ओढलंस. मी पडले, नाकातोंडात पाणी गेलं, आणि मला हसू फुटलं. अंगात बळ नाही राहिलं इतकं हसले. तू माझ्या डोक्यावर ओंजळीनं पाणी ओतत होतीस, आणि माझं हसू समोरच्या कड्यावर आपटून परत येत होतं. असं हसू माझ्यात होतं हे मलाच ठाऊक नव्हतं. बाजूच्या कॉटेजमधली माणसं बघत होती. सोनलचे पप्पा काठावर चपला घालून पाण्यात घोट्यापर्यंत उभे होते. त्यांनी हाक मारली होती म्हणे. मला ऐकू आली नाही.

वर आलो. तू ओल्या केसांनीच ओटीवर वांगी ठेचायला बसलीस. आत्या लसूण सोलत होती, संजय खाटेवर मोबाइल बघत होता, पोरं खाली खेळत होती. मी दुसऱ्या पायरीवर होते तेव्हा मागून केसांना हिसका बसला.

मी पाठीवर पडले. पहिली लाथ कमरेत बसली, दुसरी बरगडीत. मग त्यांनी मला केसांनी अर्धं उठवलं आणि तोंडात मारली. "लोकसले दात दाखाडस?" ते म्हणाले. परत मारली. ओठ आतून फाटला, तोंडात रक्ताची चव आली. घरी असं व्हायचं तेव्हा मी मनात लूमचा आवाज धरून बसायची, एक लय असायची त्याला. तिथं लूम नव्हते. प्रत्येक लाथ वेगळी ऐकू येत होती, आणि मी कण्हत होते तेही ऐकू येत होतं. मला सगळ्यात जास्त लाज त्याची वाटली. बाजूच्या कॉटेजमधल्या बाईनं आपली पोरं आत घेतली आणि दार लावलं. आत्या लसूण सोलत राहिली. संजयनं मोबाइल खाली ठेवला, परत उचलला. माझी सोनल नऊ वर्षांची होती, ती नदीकडे तोंड करून उभी राहिली.

आणि तू उठलीस.

तू ओरडली नाहीस. मी वर्षानुवर्षं ते चित्र डोळ्यांसमोर आणलं आहे, त्यात तुझा आवाज कुठेच नाही. तू पायऱ्या उतरलीस, पदर खांद्यावरून गळून कमरेला लोंबत होता, केस मोकळे, कुंकू पाण्यानं नाकापर्यंत ओघळलेलं. त्यांनी मारायला हात मागे नेला होता. तू त्या हाताच्या मनगटावर मुसळ घातलंस. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला. ते वळले तेव्हा दुसरा घाव खांद्यावर बसला आणि ते गुडघ्यांवर आले. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर वांग्याचा गर लागला होता. तिसऱ्या घावासाठी तू मुसळ दोन्ही हातांनी डोक्यावर उचललंस, आणि मी खालून तुझे डोळे पाहिले. ते कोरडे होते. तू नेम धरत होतीस.

ते मेले असते, ललिता. आणि ते मेले नसते तर तू मेली असतीस. जेठावर हात उचललेली सून आपल्याकडे एक दिवस तरी नांदेल का? दोघे भाऊ तुझ्यावर तुटून पडले असते, आणि त्यात आधी संजय असता, कारण त्याला भावाला तोंड दाखवायचं होतं. हा सगळा विचार मी एका श्वासात केला असं मी आजवर तुला सांगत आले. विचार केला नव्हता. तोंडातून निघून गेलं.

"आंगमा उनी! कानबाई उनी!" मी ओरडले.

आत्याच्या हातातली लसूण सांडली. ती ओटीवरून जवळजवळ लोळतच खाली आली आणि तुझ्या पायांवर पडली. संजय उठला, चपला काढल्या. सोनलच्या पप्पांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. दुखण्यानं पांढरा पडलेला होताच, पण माझे शब्द ऐकल्यावर त्यात एक सुटका आली. बाईनं मारलं नव्हतं, देवीनं मारलं होतं. त्यांनी धड होता तो हात कपाळाला लावला.

तू मुसळ तसंच वर धरून माझ्याकडे पाहिलंस. तुला कळत नव्हतं. मी रक्ताळल्या ओठांनी, आवाज न काढता म्हटलं, घुम. भेस्तानच्या घरात आपण सगळेच ओठांवरचं वाचायला शिकलो होतो. घुम, ललिता, घुम. तुझे हात खाली आले. मग तू डोलायला लागलीस, आधी बेतानं, शाळेच्या कार्यक्रमात पोरं डोलतात तशी, आणि मग खरंच जोरात. आत्यानं विचारलं, "माय, आम्हनं काय चुकनं?" तू उत्तर दिलंस ते मात्र पाठ केल्यासारखं सरळ आलं. "परत हिनावर हात टाका तं दुसरा हात बी मोडसू."

कॉटेजची देखभाल करणारा डांगी माणूस आवाज ऐकून आला, "शुं थयुं, बेन?" म्हणून सगळ्यांकडे पाहिलं, आणि बांबूच्या कांबट्या आणून मनगट बांधून दिलं. बांधताना सोनलचे पप्पा ओरडत होते. मला त्यांच्या ओरडण्यानं वाईट वाटलं, हेही लिहून ठेवते. मी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत होते, आणि माझ्या ओठातलं रक्त त्यांच्या केसांत गळत होतं.

संध्याकाळी तू नदीवर खडकावर बसली होतीस. मी येऊन बसले. मला वाटलं होतं तू माझे आभार मानशील. खरंच वाटलं होतं. तू पाण्याकडे बघत विचारलंस, "तसं कसाले बोलनात तुम्ही?"

"तुले वाचाडाले," मी म्हटलं.

"माले? का त्यासले?"

मी तुला सुनावलं. तुझं घर मोडलं असतं, पोरं उघड्यावर आली असती, जेठाला मारलंस तर मारलंस, वर तोंड करून मला विचारतेस, असं बरंच काही. तू ऐकून घेतलंस आणि एवढंच म्हणालीस, "देवीनी नही मारं, ताई. मी मारं." ते वाक्य तू पुढं बारा वर्षं म्हणत राहिलीस आणि मी दरवेळी तुझ्या तोंडावर हात ठेवला.

आज खरं सांगते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्याच दिवशी माहीत होतं. मी त्यांना वाचवलं. जिवाचं म्हणत नाही. आपला नवरा गुडघ्यांवर बसलाय, पोटच्या पोरीसमोर, परक्या लोकांसमोर, आणि एक बाई त्याला ठोकते आहे, हे मला बघवेना. ज्यानं मला पाच मिनिटं आधी लाथाडलं होतं त्याची लाज मला राखायची होती. तू माझ्यासाठी उठलीस आणि मी त्यांच्यासाठी ओरडले. एवढं साधं आहे ते, आणि तू असताना माझी जीभ रेटली नाही.

सुरतेत आल्यावर गोष्ट आपल्या पायांनी चालायला लागली. आधी आत्यानं सांगितली, मग शेजाऱ्यांनी, मग सोनलचे पप्पा स्वतः सांगायला लागले. त्यांच्या गोष्टीत ते चपला घालून डोहात उतरले होते म्हणून देवी कोपली. मी त्या गोष्टीत नव्हतेच. माझा फाटलेला ओठ, बरगडी, पायरी, काही नव्हतं. नीट न बसलेलं वाकडं मनगट ते लोकांना काढून दाखवायचे, आणि लोक हात जोडायचे. मी चहा घेऊन यायची. पण हे मला चाललं. खोटं कशाला बोलू, खूप चाललं. त्या दिवसानंतर त्यांनी माझ्यावर हात टाकला नाही. पहिल्या वर्षी ते वळले की मी हात तोंडावर घ्यायची, मग ती सवय हळूहळू गेली. मी पाठीवर झोपायला लागले. सोनल अभ्यासाला बसायला लागली, तिचे नंबर यायला लागले. ती आज नर्सिंगला आहे ती तुझ्या त्या दोन घावांमुळे. याला उपकार असं मी कधी म्हटलं नाही, आज म्हणते.

किंमत तू देत होतीस. दर श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसली की तुला पाटावर बसवायचे. रोटांचा नैवेद्य झाला, आरती झाली, की सगळे तुझ्याकडे बघत राहायचे. तुझ्या पायांशी आजारी पोरं ठेवायचे. कोणाची नोकरी, कोणाचं लग्न, सगळं तुला विचारायचे. आणि सगळ्यांत पुढे सोनलचे पप्पा, तुझ्या पायांवर कपाळ टेकून.  एकदा सगळं झाल्यावर तू मोरीत ओकलीस आणि मला म्हणालीस, "मन्हा हात तुम्ही देवीले दी टाका." मी म्हटलं, वर्षातून एकदा डोलायला काय जातं तुझं?

काय जात होतं ते तू मला चौथ्या वर्षी सांगितलंस, कपड्यांच्या दोरीखाली, वाळत घालता घालता. संजय वेगळी गोधडी टाकतो. दोन वर्षं झाली, तुला हात लावत नाही. झोपेत तुझा हात लागला तर दचकून उठतो. भांडत नाही, उलट बोलत नाही, बाहेर जाताना नमस्कार करतो. तुझा एकोणतीस वर्षांचा जीव होता तेव्हा. आणि मी हसले. देवा शपथ, मी हसले, म्हटलं, नशीबवान आहेस, मार नाही की त्रास नाही. तू वाळत घातलेली ओली चादर ओढून काढलीस आणि माझ्या तोंडावर मारलीस. पुढच्याच महिन्यात तुम्ही डिंडोलीला वेगळे झालात. लोकांना मी सांगितलं, पोरांच्या शाळेसाठी.

सहाव्या वर्षी तू निरोप धाडलास की यंदा येणार नाही. सोनलच्या पप्पांना ते लागलं. देवी येणार नाही म्हणजे देवी नाही, एवढा हिशेब त्यांना लगेच जमला. चार दिवसांत तापलेला तवा माझ्या दंडाला लागला. ते म्हणाले हात निसटला. मी ओला फडका गुंडाळून तुझ्या दारात उभी राहिले. तू फडका काढून पाहिलंस आणि चपला घातल्यास. "चाल, पोलीसमा जाऊ." मी नाही म्हटलं. सोनलची बारावी आहे म्हटलं, खोटंच, तेव्हा ती नववीत होती. म्हटलं, तू रविवारी पाटावर बस, बाकी काही करू नकोस.

तेव्हा तू मला मारलंस. नुसती थप्पड नव्हती ती. दिवसभर मार्केटात साड्यांचे गठ्ठे उचलणारा तुझा हात, मी भिंतीवर गेले. मी तुझे केस धरले, तू माझ्या भाजलेल्या दंडाला धरलंस, आपण दोघी तुझ्या भांड्यांच्या मांडणीवर कोसळलो, डबे खाली आले. मी तुझ्या मनगटाला चावले. तू "चावा, चावा" म्हणालीस आणि हात काढून घेतला नाहीस. तिथंच माझं बळ संपलं. डाळ-तांदूळ सांडलेल्या फरशीवर आपण किती वेळ बसलो कोण जाणे. मग तू माझ्या दंडाला मलम लावलंस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "रविवारले येसू."

आलीस. पाटावर बसलीस, डोललीस, आणि दुसऱ्या हाताचं ते वाक्य परत म्हणालीस. सोनलच्या पप्पांनी कपाळ जमिनीला टेकलं. परत सहा वर्षं निघाली. तू दरवर्षी आलीस आणि दरवर्षी मला आधी एकटीला गाठून विचारलंस, यंदा सांगू का? मी दरवेळी म्हटलं, पुढच्या वर्षी. सोनलची दहावी, मग बारावी, मग अॅडमिशन. या श्रावणात तू विचारलंस, "आते काय राहिनं, ताई?" मी पाट मांडला. तू पाटावर जाऊन बसलीस. फ्लेक्सवरचा फोटो त्याच दिवसाचा.

राग येतो मला तुझा. तू केव्हाही सांगू शकत होतीस. माझ्या परवानगीसाठी कशाला थांबलीस? जेठाचं मनगट मोडताना कोणाला विचारलं होतंस? पण थांबलीस, कारण पाठ माझी होती. हे कळतं आणि मग तुझा राग आणखी येतो, आणि मग मला तुझ्या उशीत तोंड खुपसावं लागतं.

दशक्रियेचं तापीकाठचं सगळं आटोपून परवा आपली माणसं इथं आली. गल्लीत मांडव, खुर्च्या, माइक. एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलत होता. मार्केटातली तुझी मुकादमीण बोलली, ती एकटी खरं बोलली, म्हणाली की तुझी जीभ फार तिखट होती. मग सोनलच्या पप्पांनी माइक घेतला. ती माणूस नव्हती, म्हणाले. डांगच्या जंगलात मी चपला घालून डोहात उतरलो आणि देवीनं तिच्या रूपात मला शिक्षा दिली. त्यांनी बाही वर करून मनगट दाखवलं. बायकांनी हात जोडले. तुझी दोन्ही पोरं समोर बसली होती, ती आपल्या आईला ओळखत नसल्यासारखी फोटोकडे बघत होती. तुझा धाकटा अकरा वर्षांचा आहे. आपण देवीच्या पोटी आलो हे त्याला आयुष्यभर वागवायचं होतं.

मी उठले आणि माइक मागितला. त्यांना वाटलं मी रडणार. मी म्हटलं, चपलांचा काही संबंध नाही. मी नदीत हसले म्हणून यांनी मला पायरीवरून केसांनी ओढलं. लाथा घातल्या, तोंड फोडलं. तुम्हांपैकी दोघे तिथं होते आणि एकटी ललिता उठली. ती शुद्धीत होती. तिनं नेम धरून मारलं. अंगात आलं असं मी ओरडले, ते खोटं होतं, माझं होतं, तिचं नव्हतं. तिला ते कधीच मान्य नव्हतं.

माझा आवाज कापत नव्हता, याचं मला नवल वाटलं. मी पुढे बोलणार होते, तुझ्याबद्दल चांगलं. तेवढ्यात ते आले. त्या वाकड्या मनगटाच्याच हातानं, सगळ्या भाऊबंदांसमोर, तुझ्या फोटोसमोर त्यांनी माझ्या गालावर मारली. कान बधिर झाला. दुसऱ्यांदा हात वर गेला. मांडवातलं एक माणूस हललं नाही.

माझ्या हाताशी टेबलावर पाण्याचा स्टीलचा जग होता, भरलेला. मी तो दांड्याला धरून त्यांच्या तोंडावर घातला. माझा नेम तुझ्यासारखा नाही. मला मनगट हवं होतं, कपाळ लागलं. ते खुर्च्या घेऊन खाली गेले, भुवईवरून रक्त आलं. पाच टाके पडलेत, मी संजयला विचारून घेतलं. मी परत जग उचलला आणि वाट पाहिली. ते उठले नाहीत. या खेपेला संजय उठला. माझ्या आणि त्यांच्या मध्ये येऊन उभा राहिला, भावाकडे तोंड करून. बारा वर्षं उशीर केला, पण उभा राहिला, आणि त्याच्या मागून तुझी थोरली आली आणि तिनं माझा पदर उचलून माझ्या तोंडावरचं पाणी पुसलं.

मांडवात सगळे माझ्याकडे बघत होते. आत्या आता पंच्याऐंशीची आहे, तिला एकटीला उठता येत नाही. तरी ती खुर्चीतून सरकत खाली जमिनीवर आली होती, मान खाली, दोन्ही हात जोडून, माझ्या दिशेनं. तिच्यामागं आणखी दोघीतिघी वाकायच्या बेतात होत्या. मी जग टेबलावर ठेवला. तिच्यापुढे फरशीवर बसले, तिचे जोडलेले हात धरले आणि एकमेकांपासून सोडवले. ते सहज सुटले नाहीत, मला जोर लावावा लागला.

"आत्या," मी म्हटलं, "वर देख. मी शे, प्रमिला. मीच मारं."